पडद्यावरील वाघ आणि पाहणाऱ्यांची मते



वाघ, सिंह, बिबट्या यांच्या जीवनावरील एखादा अनुबोधपट पाहिला नाही असा विद्यार्थी आज आपल्या शाळेत शोधून सापडणे कठीण. तुमच्या आजोबांच्या पिढीला हे दर्शन दुर्मिळ होते. मुख्य चित्रपटापूर्वी फिल्म्स डिव्हिजनचा एखादा छोटा अनुबोधपट चित्रपटगृहात दाखवीत, त्यात वर्षाकाठी कधी काझीरंगाचा गेंडा तर कधी गीरचा सिंह दिसला तर दिसला. १९९५ साली डिस्कव्हरी वाहिनी भारतात आली आणि घरोघरी दूरचित्रवाणीच्या पडद्यावर आफ्रिकेतील सिंह गुरगुरू लागले. आता तर तोच सिंह वडिलांच्या खिशातील मोबाईलमध्ये बसला आहे आणि तुम्ही हवा तेव्हा त्याला बाहेर काढता.

या वर्षी नववीच्या वर्गाला निबंधासाठी ‘मी पाहिलेला वन्यप्राण्यांचा अनुबोधपट’ हा विषय दिला होता. बहुतेकांनी मार्जारकुलातील मोठे प्राणीच निवडले. हत्ती आणि देवमासा यांच्या वाट्याला फारच थोडी पाने आली. निबंध वाचताना प्रस्तुत लेखिकेला प्राण्यांपेक्षाही पाहणाऱ्यांचे कुतूहल अधिक वाटू लागले. एकच चित्र पाहून एकाला आनंद होतो, दुसऱ्याला राग येतो आणि तिसऱ्याला त्यात खोट दिसते, असे का व्हावे? मत मांडणे सोपे आहे, पण ते कशावर उभे आहे हे तपासणे हाच खरा अभ्यास होय. म्हणून त्या निबंधांतील काही मते घेऊन त्यांचा थोडा विचार येथे करावयाचे योजिले आहे. लिहिणाऱ्यांची नावे अर्थातच दिलेली नाहीत.

सर्वांत अधिक वेळा आलेले वाक्य असे : ‘हे सर्व खरे आहे, कारण ते प्रत्यक्ष दाखविले आहे.’ हे मत ऐकताना निर्विवाद वाटते. प्रत्यक्ष प्रमाण हे आपल्या तर्कशास्त्रातही पहिले प्रमाण मानले आहे. परंतु पडद्यावर दिसते ते ‘प्रत्यक्ष’ कितपत असते, हे पाहू.

वाघाची शिकार पडद्यावर दोन-तीन मिनिटांत आटोपते. गवतातून डोळे चमकतात, हरणांच्या कळपात खळबळ उडते, झेप, धूळ, आणि संपले. वस्तुस्थिती अशी की वाघाचे दहा-वीस प्रयत्न फुकट जातात तेव्हा एखादा साधतो. उरलेल्या प्रयत्नांत तो थकतो, उपाशी राहतो, सावलीत जाऊन पडतो. ते चित्रण पडद्यापर्यंत पोहोचत नाही, कारण झोपलेला वाघ अर्धा तास पाहण्यास कोणी बसणार नाही. म्हणजे एकही खोटे चित्र न दाखविता, केवळ निवडीमुळे, ‘वाघ झेप घेतो आणि मारतो’ असा चुकीचा समज आपल्या मनात तयार होतो. कित्येकदा एका शिकारीचे दृश्य निरनिराळ्या दिवशी घेतलेल्या तुकड्यांना जोडून सिद्ध केलेले असते. आवाजाचे तर विचारूच नका. दोनशे-तीनशे पावलांवरून मोठ्या भिंगातून टिपलेल्या वाघाच्या पावलांखालचे वाळके पान कसे ऐकू येणार? हाड मोडल्याचा आवाज, गवताची सळसळ, हे पुष्कळदा मागाहून ध्वनिमुद्रणाच्या खोलीत तयार करतात. ही गोष्ट वर्गात सांगितली तेव्हा मागच्या बाकावरून एक निराश ‘अरेरे!’ ऐकू आले, तो आवाज मात्र अगदी अस्सल होता.

या कलेला जुना इतिहास आहे. वॉल्ट डिस्ने यांच्या संस्थेने १९५५ साली आफ्रिकेतील सिंहावर एक लांबलचक अनुबोधपट काढला. त्यासाठी आल्फ्रेड आणि एल्मा मिलॉट या पतिपत्नींनी अडीच-तीन वर्षे आफ्रिकेच्या माळरानावर काढली. त्यांच्या चिकाटीला तोड नाही. मात्र त्याच संस्थेच्या १९५८ सालच्या ‘व्हाइट वाइल्डरनेस’ या चित्रपटात लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी कड्यावरून उड्या टाकून सामुदायिक आत्महत्या करतात असे दाखविले होते. त्या चित्रपटाला ऑस्कर पारितोषिकही मिळाले. पुढे १९८२ साली कॅनडाच्या दूरचित्रवाणीने शोध घेतला, तेव्हा उघड झाले की ते प्राणी दुसरीकडून विकत आणले होते आणि चित्रणासाठी त्यांना ढकलण्यात आले होते. लेमिंग आत्महत्या करीत नाहीत. तरीही ती समजूत जगभर रुजली ती रुजलीच. याउलट, २०११ साली बीबीसीच्या ‘फ्रोझन प्लॅनेट’ या मालिकेत ध्रुवीय अस्वलीच्या गुहेतील नवजात पिल्लांचे दृश्य हॉलंडमधील एका प्राणिसंग्रहालयात घेतले असल्याचे कळताच पुष्कळ प्रेक्षक संतापले. निर्मात्यांचे म्हणणे असे की बर्फाखालच्या खऱ्या गुहेत यंत्र नेले असते तर आईने पिल्लांना टाकून दिले असते. लेखिकेला वाटते की त्यांचे कारण रास्त होते. पण प्राणिसंग्रहालयात चित्रण केल्याची गोष्ट निवेदनात सांगितली असती, तर प्रेक्षकांनी ती समजूतदारपणे स्वीकारली असती. लेमिंगांना ढकलणे आणि अस्वलीच्या पिल्लाला त्रास न देणे, या दोहोंना एकाच तराजूत घालणे मात्र अन्यायाचे होईल.

एका मुलीने मोठ्या त्वेषाने लिहिले होते : ‘चित्रण करणारी माणसे समोर उभी असून त्यांनी त्या पाडसाला वाचविले कसे नाही?’ या प्रश्नावर वर्गात पूर्ण तासभर वाद चालला आणि घंटा झाली तरी तो संपेना. एका पक्षाचे म्हणणे, माणुसकी म्हणून धावून जायला हवे होते. दुसरा पक्ष म्हणाला, पाडस वाचविले तर वाघिणीची पिल्ले त्या दिवशी उपाशी राहतील, त्यांची दया कोणी करायची? या वादात जगातील तज्ज्ञही एकमताचे नाहीत. २०१८ सालच्या ‘डायनॅस्टीज’ मालिकेत पेंग्विन पक्षी पिल्लांसह बर्फाच्या घळीत अडकले, तेव्हा चित्रण करणाऱ्यांनी कुदळ-फावडे घेऊन त्यांना वर येण्यासाठी उतार खणून दिला. पुष्कळ प्रेक्षकांनी त्यांची पाठ थोपटली. तेथे कोणाच्या तोंडचा घास काढला जात नव्हता, फक्त एक वाट करून दिली होती. त्यामुळे तो निर्णय तुलनेने सोपा होता. वाघ आणि हरिण यांच्यामध्ये उभे राहणे त्याहून फार कठीण आहे.

रणथंभोरच्या ‘मछली’ नावाच्या वाघिणीची हकीकत या संदर्भात ध्यानात घेण्यासारखी आहे. तिच्या मुखावरील माशासारख्या खुणेवरून तिला हे नाव पडले. तळ्याकाठी तिने मगरीशी केलेली झुंज चित्रित झाली आणि ती जगभर पाहिली गेली. नल्लमुत्तू या भारतीय चित्रणकाराने तिच्यावर वर्षानुवर्षे काम केले, आणि तिच्यावरील त्यांच्या अनुबोधपटाला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. म्हातारपणी मछलीचे सुळे गेले. तेव्हा वनखात्याने तिच्यासाठी भक्ष्याची सोय केली. काही जाणकारांनी त्यावर आक्षेप घेतला : रानातील वाघाला असे पोसले तर तो रानाचा कसला? १८ ऑगस्ट २०१६ रोजी ती मरण पावली, त्या वेळी तिचे वय वीसच्या घरात होते. सामान्यतः रानातला वाघ इतका जगत नाही. हिंदू रीतीप्रमाणे तिचे दहन करण्यात आले.

येथे आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे. प्राण्याला नाव दिले की तो आपला होतो. बीबीसीच्या ‘बिग कॅट डायरी’ या १९९६ साली सुरू झालेल्या मालिकेत मसाई माराचे सिंह, बिबटे आणि चित्ते नावानिशी प्रेक्षकांच्या घरी येत, आणि एखादे पिल्लू दगावले की पाहणारे हळहळत. ही माया खोटी नव्हे. तिच्यामुळे जंगले राखण्याला लोकांचा पाठिंबा मिळतो, हेही खरे. परंतु नाव मिळालेल्या वाघिणीसाठी डोळ्यांत पाणी येते आणि शेजारच्या टेकडीवरचा निनावी वाघ सापळ्यात सापडला तर वर्तमानपत्रातील दोन ओळींवरून आपली नजर पुढे सरकते. आमच्या एका विद्यार्थ्याने मछलीवर सहा पाने लिहिली. वाघ काय खातो, त्याला किती जंगल लागते, याबद्दल त्यात एक ओळही नव्हती. निबंध सुंदर होता. गुणही चांगले दिले. पण तो चरित्रलेख होता, अभ्यास नव्हता.

जाता जाता शब्दांविषयी. दोन-तीन निबंधांत ‘आपल्या उसात चित्ता दिसतो’ असे लिहिलेले आढळले. आपल्या उसात चित्ता नाही. भारतातील अखेरचे तीन चित्ते १९४७ साली मध्य भारतातील कोरिया संस्थानात मारले गेले असे मानतात. १९५२ साली तो देशातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले आणि १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आठ चित्ते आणून मध्य प्रदेशातील कुनो येथे सोडण्यात आले. चित्त्याच्या डोळ्यांपासून जबड्यापर्यंत काळी रेघ असते, अंगावर भरीव ठिपके असतात. बिबट्याच्या अंगावर फुलासारखी पोकळ वर्तुळे असतात. गुजराती शेजारी त्याला ‘दीपडो’ म्हणतात. लेखिकेची मातृभाषा कोंकणी, आणि तिच्या गावाकडे जुनी माणसे पट्टेरी असो वा ठिपक्यांचा असो, दोघांनाही ‘वाग’च म्हणतात. भीतीला प्राणिशास्त्रातील भेद कळत नाहीत.

आणि आता त्या मतांकडे वळू, ज्यांच्यासाठी हा लेख मुख्यतः लिहावासा वाटला.

आपल्या वर्गांत दोन प्रकारची मुले शेजारी-शेजारी बसतात. कित्येकांचे वडील साखर कारखान्यात, कापडाच्या गिरणीत किंवा दुकानात कामाला आहेत. त्यांची घरे चलथाणच्या वस्तीत, लोहमार्गाजवळ किंवा महामार्गालगत. ताप्ती मार्गावरील गाड्यांनी त्यांची आजोबा-पणजोबांची पिढी खानदेशातून इकडे आली. दुसऱ्या काहींचे आईवडील दरवर्षी धुळे-नंदुरबारकडून किंवा डांगातून कोयता घेऊन ऊसतोडीला येतात आणि गळिताच्या हंगामात पडावावर राहतात. अनुबोधपट दोघांनीही पाहिले. पण दोघांची मते वेगळी आहेत. वस्तीतला मुलगा लिहितो, ‘बिबट्या हा अतिशय डौलदार प्राणी आहे.’ पडावावरची मुलगी लिहिते, ‘चित्रात बिबट्या दिवसा झाडावर झोपतो. आमच्याकडे तो दिसत नाही, सकाळी कुत्रे नाहीसे झालेले दिसते.’ एवढेच. या दोन वाक्यांत जे निरीक्षण आहे, ते कित्येक पानांच्या वर्णनात आढळले नाही.

सुरत जिल्ह्यातील मांडवी, मांगरोळ, महुवा, बारडोली या बाजूस उसाच्या शेतांत बिबटे राहतात, ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. गुजरात वनखात्याच्या २०२३ च्या गणनेत राज्यात २,२७४ बिबटे आढळले; २०१६ साली हा आकडा १,३९५ होता. उंच ऊस म्हणजे त्याच्या दृष्टीने दाट झाडीच. आत सावली, पाटाचे पाणी आणि खाण्यास कुत्री, रानडुकरे, शेळ्या. मादी तेथेच पिल्ले घालते. मग तोड सुरू होते, शेत मोकळे होत जाते, आणि कोयता चालविणाऱ्या बाईला सरीत मांजराएवढी पिल्ले दिसतात. अशा वेळी पिल्लांना उचलून न नेता त्याच जागी ठेवून माणसांनी दूर व्हावे, म्हणजे आई रात्री येऊन त्यांना घेऊन जाते. वनखात्याचे लोक पुष्कळ ठिकाणी याच रीतीने मायलेकरांची भेट घडवितात. हे दृश्य कोणी चित्रित केले तर रात्रीच्या अंधारात दोन हिरवे डोळे आणि रिकामी टोपली, एवढेच दिसते. संगीताची गरजच पडत नाही.

महाराष्ट्रात याच प्रश्नाचा काळजीपूर्वक अभ्यास झाला आहे. जुन्नर भागात २००१ पासून बिबट्यांना मोठ्या प्रमाणावर पकडून दूरच्या जंगलांत सोडण्यात आले. लोकांना वाटले, संकट टळले. प्रत्यक्षात माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी चार होते ते पुढच्या दोन-तीन वर्षांत सतराच्या आसपास गेले. विद्या अत्रेय आणि त्यांचे सहकारी यांनी हे आकडे मांडून दाखविले. अनोळखी मुलखात टाकलेला, पकडापकडीने बिथरलेला प्राणी अधिक धोकादायक ठरतो, आणि मोकळ्या झालेल्या जागी दुसरा बिबट्या येतोच. पुढे अहमदनगर जिल्ह्यातील (आताचे अहिल्यानगर) अकोले भागात त्यांनी शेतांतून छुपे कॅमेरे लावले, तेव्हा दाट लोकवस्तीच्या शेतीभागात दर शंभर चौरस किलोमीटरला जवळपास पाच बिबटे आढळले. गावकऱ्यांना त्यांची कल्पनाही क्वचितच होती.

त्याच जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरजवळ २००९ साली एका विहिरीत पडलेला वयस्क बिबट्या सापडला. त्याला ‘आजोबा’ हे नाव मिळाले, गळ्यात ठावठिकाणा कळविणारा पट्टा बांधला आणि माळशेज घाटात सोडले. एकोणतीस दिवसांत सुमारे एकशेवीस किलोमीटर चालून तो थेट मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला. वाटेत महामार्ग आला, कसाऱ्याचा लोहमार्ग आला, खाडी आली. कोणावरही त्याने हल्ला केला नाही. २०११ च्या अखेरीस वाहनाच्या धडकेने तो मेला. त्याच्यावर २०१४ साली सुजय डहाके यांनी ‘आजोबा’ हा मराठी चित्रपट काढला, त्यात ऊर्मिला मातोंडकर यांची भूमिका होती. तो अनुबोधपट नव्हे, कथापट आहे, हे ध्यानात ठेवून पाहावा. त्या उद्यानाचे बिबटे २०१६ साली बीबीसीच्या ‘प्लॅनेट अर्थ’च्या दुसऱ्या मालिकेतही झळकले : मुंबईच्या दिव्यांच्या पार्श्वभूमीवर, वस्तीच्या कडेला, रात्री डुकरांची शिकार करताना. उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यांनी ते चित्रण झाले. जगाने ते आश्चर्याने पाहिले. उद्यानाच्या कडेला झोपडीत राहणाऱ्यांना त्यात आश्चर्याचे काही वाटले असेल, असे वाटत नाही.

बहुतेक अनुबोधपटांतून माणूस वगळलेला असतो, ही त्यांची सर्वांत मोठी उणीव होय. क्षितिजापर्यंत गवत, त्यात सिंह. गुराखी नाही, विहीर नाही, मेलेल्या गाईची भरपाई मिळविण्यासाठी कचेरीच्या पायऱ्या चढणारा शेतकरी नाही. आफ्रिकेचे चित्र पाहून आपण ‘वाघसिंहांचे स्थान जंगलात’ असे मनाशी ठरवितो आणि मग बिबट्या उसात दिसला की ‘हा चुकून आला’ असे म्हणतो. तो चुकून आलेला नाही. डांगात आणि वारली मुलखात वाघदेवाची लाकडी खोडे पुजतात, गोव्यात सत्तरी-सांगे भागांत व्याघ्रदेवाच्या दगडी मूर्ती आहेत. ही माणसे वाघासह राहत होती म्हणून ती देवस्थाने झाली. पूजा म्हणजे प्रेमच, असेही समजू नये. जानेवारी २०२० मध्ये त्याच सत्तरीत, गोळावली गावाजवळ, म्हादई अभयारण्यात चार वाघ विषप्रयोगाने मेलेले सापडले. गाई मारल्या गेल्याचा राग त्यामागे होता. ज्याची गाय गेली त्याचे मतही प्रेक्षकाचेच मत आहे, मात्र तो पडद्यासमोर बसलेला नसतो. त्याचे कृत्य समर्थनीय नाही. पण त्याचे मत विचारण्यास कोणी फार लवकर गेले होते, असेही नाही.

पडावावरील मुलांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी थोडे व्यवहाराचे बोलू. ओणवा झालेला किंवा बसलेला माणूस आणि लहान मूल बिबट्याला आकाराने शेळी-कुत्र्यासारखे भासते, असे जाणकार सांगतात. म्हणून तिन्हीसांजेनंतर लहानांनी एकट्याने शेताच्या कडेला जाऊ नये. शौचाला जाताना मोठे माणूस, दिवा आणि बोलणे-गाणे सोबत असावे. तान्ही मुले उसाच्या बांधावर निजवू नयेत. बिबट्या दिसलाच तर पाठ फिरवून पळू नये, त्याच्याकडे तोंड ठेवून सावकाश मागे सरावे आणि त्याची निघून जाण्याची वाट अडवू नये. गर्दी करून, मोबाईल उंचावून त्याला घेरणे हा तर शुद्ध वेडेपणा. अशा गर्दीत जखमी झालेल्यांच्या बातम्या आपण वाचतोच.

मोबाईलवरून फिरणाऱ्या चित्रांविषयी वर्गात विचारणा झाली होती. ‘काल बारडोलीत वाघ आला’ अशा मथळ्याखाली कोणत्या तरी दुसऱ्याच प्रांतातील जुने दृश्य दाखविले जाते आणि संध्याकाळी गल्ली ओस पडते. याच्या उलट एक उदाहरण आपल्याच राज्यातले आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये महीसागर जिल्ह्यात एका शिक्षकाला रस्त्याच्या कडेला पट्टेरी वाघ दिसला. त्यांनी मोबाईलवर त्याचे छायाचित्र घेतले. गुजरातेत कित्येक वर्षे वाघाची नोंद नव्हती, त्यामुळे अनेकांना ते चित्र खोटे वाटले. वनखात्याने मात्र तेवढ्यावर हो किंवा नाही म्हटले नाही. त्या भागात छुपे कॅमेरे लावले, आणि थोड्याच दिवसांत वाघ त्यांतही दिसला. त्याच महिन्यात तो वाघ मृत सापडला. चित्र एका माणसाचे, पडताळणी दुसऱ्या साधनाने, ठिकाण आणि तारीख माहीत : एवढ्यावरून ते छायाचित्र पुरावा ठरले.

हीच रीत आपणही वापरू शकतो. ग्रंथालयातील टेबलावर एक वही ठेवली आहे. तिच्यात रकाने आखले आहेत : तारीख, वेळ, शेत किंवा रस्ता, किती पावलांवरून पाहिले, प्रत्यक्ष काय दिसले (प्राणी, पाऊल, विष्ठा की मारलेले जनावर), आणि दुसऱ्या कोणी पाहिले का. ‘मत’ हा रकाना सर्वांत शेवटी आहे आणि मुद्दामच लहान ठेवला आहे. गळीत सुरू झाल्यापासून तिच्यात अकरा नोंदी झाल्या. त्यांतील सात कुत्रे नाहीसे झाल्याच्या आहेत, तीन पावलांच्या, आणि एक पडावावरील त्याच मुलीची : पहाटे, पाटाच्या पलीकडे, साधारण चाळीस पावलांवर, शेपूट उंच धरून चाललेला एक प्राणी, सोबत आई होती. मताच्या रकान्यात तिने लिहिले आहे : ‘आमच्याकडे त्याने पाहिले नाही.’